आरशापुढे अकरा बाटल्या, आणि मुरुम जिथल्या तिथे

टिकली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

वय २६. मुरुम पंधराव्या वर्षापासून. मध्ये दोन-तीन वर्षं शांत होते, आता पुन्हा जोरात. काल रात्री आरशापुढच्या बाटल्या मोजल्या, अकरा भरल्या. दोन फेसवॉश (एक म्हणे सकाळचा, एक रात्रीचा), दाणेदार स्क्रब, टोनर, व्हिटॅमिन सीचं सीरम, नायासिनामाइड, ग्लायकोलिक अ‍ॅसिड, सॅलिसिलिक अ‍ॅसिड, चिखलासारखा एक मास्क, कसलंसं जेल आणि एक पांढरी क्रीम, जिचं झाकणच सापडत नाहीये. प्रत्येक बाटली कुणाचा तरी व्हिडिओ बघून आलेली.

चेहऱ्याची अवस्था: नाक-कपाळ दुपारपर्यंत तेलकट, गालांवर पोपडे, हनुवटीवर आत खोल बसलेले दुखरे फोड. आठवडाभर तर नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरतंय.

मला साधं रुटीन हवंय. सकाळी पाच मिनिटं, रात्री पाच मिनिटं, त्याच्या वर नको. काय ठेवू आणि काय टाकू?

उंटावरचा
अकरा म्हणजे संघ पूर्ण झाला की! कप्तान कोण? (हलकेच घ्या.)

सदाफुली
टिकली, पाण्यानेही चुरचुरतंय ही तुझ्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. मुरुमांचं नंतर बघू. आधी त्वचेवरचा पापुद्रा उडालाय तो भरू दे. दोन-तीन आठवडे सगळं बंद. सगळं म्हणजे सगळं. एक सौम्य, वास नसलेला फेसवॉश, एक साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, बस्स. स्क्रब तर कायमचा विसर. सुजलेल्या पुटकुळीवर दाणे घासणं म्हणजे खरचटलेल्या गुडघ्यावर ब्रश फिरवणं.

तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न तू विचारणार, मीही विचारला होता. तेल वेगळं आणि ओलावा वेगळा. तुझ्या कपाळावर तेल आहे आणि गालावर पोपडे आहेत, दोन्ही एकाच चेहऱ्यावर, यातच उत्तर आलं. पुढे जी औषधं लावशील ती सगळी कोरडं करणारी आहेत. मॉइश्चरायझर नसेल तर दहाव्या दिवशी ती सोडून देशील. मी तीन वेळा सोडली होती.

पाणी लागलं तरी काही वाटेनासं झालं की मग औषध, आणि तेही एकच. दुसरं त्यानंतर दीड महिन्याने. एकदम चार सुरू केलीस तर फायदा कुणामुळे झाला आणि आग कुणी लावली, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

साबणवाला
मी आयुष्यभर अंगाचा साबण तोंडाला लावतोय, एक मुरुम नाही. हे सगळे कंपन्यांचे चोचले.

सदाफुली
@साबणवाला, तुमचं नशीब चांगलं आहे, त्यात साबणाचा काही वाटा नाही. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि वडीच्या नेहमीच्या साबणाचा ९-१०. तुम्हाला चालतं, तिला चालत नाही. कंपन्यांच्या चोचल्यांबद्दल मात्र सहमत.

पांढराकोट
त्वचाविभागात काम करतो. इथे कुणाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण बोलणं आहे असं समजा.

मुरुम चेहरा अस्वच्छ असल्यामुळे येत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी घासाघीस थांबते. केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे ती जास्त तेल करू लागते. त्याच नळीच्या आतल्या मृत पेशी नीट सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि बूच बसतं. बुचामागे तेल साठतं, त्यावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू पोसला जातो (२०१६ पर्यंत याला प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणायचे, जुनी माहिती वाचताना गोंधळ नको) आणि शरीर त्याला उत्तर देतं ते सुजेच्या रूपात. ब्लॅकहेडचा काळेपणाही मळाचा नाही. तोंड उघडं असलेलं बूच हवेशी संपर्क येऊन काळं पडतं. घासून ते निघत नाही. जोरात घासलं तर भोवतीची कातडी तेवढी लाल होते.

आता वेळेचं गणित. डोळ्याला न दिसणारं बूच तयार झाल्यापासून त्याची पुटकुळी व्हायला कित्येक आठवडे, साधारण आठ, जाऊ शकतात. म्हणजे पुढच्या महिन्यात येणारे मुरुम आज चेहऱ्यात आधीच बसलेले आहेत. म्हणून कुठलंही औषध ८ ते १२ आठवडे नेमाने लावल्याशिवाय त्याला नापास करायचं नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक जण 'सगळं करून बघितलं' म्हणतात. विचारलं तर प्रत्येक गोष्ट दहा-दहा दिवस केलेली असते.

आणि औषध पुटकुळीवर ठिपक्यासारखं लावायचं नाही. जिथे मुरुम येतात तो सगळा भाग धरून पातळ थर. दिसणारी पुटकुळी ही जुनी बातमी झाली.

टिकली
दहा-दहा दिवस वाचून मान खाली घातली. मी तर पुटकुळी दिसली की तिच्यावर तीन थर द्यायचे.

पण औषध म्हणजे नेमकं कुठलं? नावं ऐकून ऐकून डोकं फिरलंय.

पांढराकोट
साध्या मुरुमांसाठी मुख्य गडी दोनच धरा. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं, आणि प्रतिजैविकांना जिवाणू सरावतात तसे याला सरावत नाहीत. १० टक्क्यांचं घेण्यात शौर्य नाही, २.५ टक्क्यांचंही काम जवळपास तितकंच होतं आणि चेहरा कमी भाजतो. फार आग होत असेल तर लावून पाच-दहा मिनिटांत धुऊन टाकायचं, तशानेही उपयोग होतो. दुसरं अ‍ॅडापेलीन, व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं. हे ते बूचच बसू देत नाही. काही देशांत ०.१ टक्क्याचं चिठ्ठीशिवाय मिळतं, काही ठिकाणी डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड (०.५ ते २ टक्के) तेलात विरघळतं म्हणून छिद्रात उतरतं. ब्लॅकहेडवर बरं, पण वरच्या दोघांच्या मानाने सौम्य. ग्लायकोलिक, व्हिटॅमिन सी वगैरे तूर्त बाकावर बसवा.

निळीशाई
महत्त्वाचा प्रश्न: बाळाचा विचार चालू आहे. अ‍ॅडापेलीन चालेल का?

पांढराकोट
नको. गरोदरपणात आणि त्याचा विचार असताना व्हिटॅमिन ए घराण्यातली औषधं टाळतात. अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड हा त्या काळातला चालणारा पर्याय आहे, मुरुमांनंतरच्या काळ्या डागांवरही ते काम करतं. तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आणि मुरुमांवरच्या, त्याच घराण्यातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घरात कुणाच्या उरलेल्या असतील तर त्यांना हातही लावू नका. गर्भात गंभीर व्यंग निर्माण करणारं औषध आहे ते, गोळ्या संपल्यावरही किमान महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते.

झटपट_राव
एवढं पुराण कशाला? मला एकाने क्रीम दिली होती, तीन दिवसांत चेहरा साफ आणि उजळ. नाव हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गोळीवाला
नाव नको. ट्यूबच्या मागच्या बारीक अक्षरांत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं काही लिहिलंय का तेवढं बघा. असेल तर ते स्टेरॉइड आहे. तीन दिवसांत जे साफ होतं ते त्यामुळेच, सूज दाबली जाते. अडचण महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होते.

माझी मोठी वहिनी सात महिने अशीच एक क्रीम लावत होती. थांबवली की चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद, बारीक पुवाचे फोड, आग आग. म्हणून परत लावायची आणि परत शांत. या चक्रातून बाहेर यायला पुढचं वर्ष गेलं. गालांची कातडी इतकी पातळ झाली की आतल्या केशवाहिन्या लाल दोऱ्यांसारख्या दिसतात, अजूनही. मी औषधांच्या दुकानात उभा असतो आणि घरात हे चाललेलं मला पाच महिने माहीत नव्हतं, याची लाज वेगळीच. जे आधीच लावताहेत त्यांनी हे वाचून आज झटक्यात बंद करू नका, डॉक्टरांकडे जाऊन सोडवून घ्या.

झटपट_राव
माझा प्रतिसाद काढून टाकावा म्हणत होतो, पण राहू द्या, इतरांना कळेल. ट्यूब बघितली. मोमेटासोन आहे.

सदाफुली
झटपट_राव, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

दोनमुलांचाबाबा
मुलगा १४ वर्षांचा. दिवसातून पाच वेळा तोंड धुतो, दर तासाला आरसा. डॉक्टरकडे न्यावं का आपोआप जाईल?

पांढराकोट
धुणं दोनदा पुरे, शिवाय घाम आल्यावर एकदा. बारीकसारीक पुटकुळ्या असतील तर फेसवॉश आणि कमी टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड इतकंच करून तीन महिने बघा. पण मोठ्या, दुखणाऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, किंवा आई-वडिलांपैकी कुणाच्या चेहऱ्यावर जुने खड्डे असतील तर थांबू नका. मुरुम जातात, खड्डे राहतात. आणि दर तासाचा आरसा हेही डॉक्टरकडे नेण्याचं कारण आहे बरं. तो मनाला लावून घेतोय, हे तुम्ही बरोबर टिपलंत.

दोनमुलांचाबाबा
आमच्या तीर्थरूपांच्या गालावर खड्डे आहेत. अपॉइंटमेंट घेतो.

रात्रपाळी
जाता जाता, माझं दुखणं जरा वेगळं. कपाळावर आणि छातीवर एकसारखे, एकाच मापाचे बारीक दाणे, आणि खाज. ब्लॅकहेड एकही नाही. मध्ये दुसऱ्या कशासाठी तरी अँटिबायोटिकचा कोर्स झाला, त्यानंतर वाढलंच.

पांढराकोट
तुमचे मुरुम बहुधा मुरुम नाहीतच. एकसारखे दाणे, खाज, बूच नाही आणि अँटिबायोटिकने वाढ, हे सगळं मालासेझिया या बुरशीकडे बोट दाखवतं. तिथे वरची औषधं विशेष कामाची नाहीत, बुरशीविरोधी लागतात. दाखवून घ्या, बघून लवकर कळतं.

रात्रपाळी
दीड वर्ष सॅलिसिलिक चोळतोय मी. असो.

पाऊलवाट
माझे फक्त कपाळाच्या वरच्या कडेला आणि कानशिलांवर यायचे. दोन डॉक्टर झाले. तिसऱ्या बाईंनी चेहरा बघायच्या आधी केसांना काय लावतेस ते विचारलं! केस बसवायचं मेणासारखं क्रीम रात्रभर डोक्यावर, तेच उशीवर आणि तेच कपाळावर. ते सुटलं, उशीचे अभ्रे आठवड्यातून दोनदा बदलायला लागले, कपाळ दोन-अडीच महिन्यांत मोकळं झालं. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासतो तिथेही येतात, तो पट्टा पुसत जा.

टिकली
(तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतेय. सगळं बंद केलं. बारा-तेराव्या दिवशी चुरचुर थांबली. पोपडे गेले. मुरुम आहेत तेवढेच, पण वाढलेही नाहीत, म्हणजे त्या नऊ-दहा बाटल्या काय करत होत्या देव जाणे.

डॉक्टरांनी रात्रीसाठी अ‍ॅडापेलीन दिलंय. कसं लावायचं ते कुणी अनुभवातून सांगा ना. चिठ्ठीवर नुसतं 'रात्री' लिहिलंय.

सदाफुली
तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ दे. पंधरा-वीस मिनिटं थांबलीस तर उत्तम, ओल्या त्वचेवर जास्त झोंबतं. मग अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. हे माप कुणालाच खरं वाटत नाही. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे ठिपके देऊन पसरव. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या घड्या आणि ओठांचे कोपरे सोडायचे. ओठांच्या कोपऱ्याला गेलं तर दुसऱ्या दिवशी जांभई देताना कळतं!

पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, मग एकाआड एक, मग रोज. झोंबत असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वर पुन्हा मॉइश्चरायझर. गाडी हळू चालेल पण चालेल.

टिकली
(आणखी चार आठवड्यांनी)
घात झाला. आधी नव्हते इतके मुरुम. बहीण म्हणतेय बंद कर. व्हिडिओवाले म्हणतात आतली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे. कुणाचं ऐकू?

पांढराकोट
घाण-बिण काही नसते. आत बसलेली बुचं लवकर वर येतात, एवढंच. नेहमीच्याच जागी, नेहमीसारखेच मुरुम आणि लवकर बसताहेत, तर चालू ठेवा. जिथे कधीच येत नव्हते तिथे येताहेत, सगळीकडे लाली, आग, खाज आहे, तर ती जळजळ आहे. मग आठ दिवस थांबा आणि कमी वेळा लावा. तुमचं कुठलं?

टिकली
हनुवटी आणि जबड्याची कड. नेहमीचीच जागा. आग नाही.

पांढराकोट
मग बहिणीला सांगा, अजून सहा आठवडे. आणि एक विचारू का, पाळी नियमित आहे? जबड्याच्या कडेने येणारे, त्यात हनुवटीवर राठ केस, पाळी पुढे-मागे, असं असेल तर संप्रेरकांची तपासणी करून घेण्यात अर्थ आहे. मग वरच्या मलमांनी एकट्याने भागत नाही.

टिकली
नियमित आहे. पण पाळीच्या आधीच्या आठवड्यात हमखास वाढतात.

पांढराकोट
ते बऱ्याच जणींना होतं. म्हणूनच एका आठवड्यावरून निकाल लावायचा नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. रोजच्या आरशाला काही कळत नाही.

साबणवाला
परत आलो. मुलीला हा धागा दाखवला, तिने मलाच सनस्क्रीन दिलं. तेलकट चेहऱ्यावर ते आणखी तेलकट होतं की नाही? ते का लावायचं?

सदाफुली
जेल किंवा पातळ द्रवरूप घ्यायचं, क्रीम नको. मुरुम गेल्यावर राहतात ते तपकिरी डाग उन्हाने गडद होतात, सावळ्या त्वचेवर तर जास्तच आणि महिनोन् महिने. एसपीएफ ३० किंवा वर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा, एवढं चेहरा-मानेला. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. डाग फारच असतील तर रंग असलेलं सनस्क्रीन बघा, त्यातलं आयर्न ऑक्साइड डोळ्याला दिसणारा प्रकाशही अडवतं, नुसते अतिनील किरण नाही.

अवांतर: साबणवाला परत आले यातच धाग्याचं सार्थक झालं.

निळीशाई
डाग आणि खड्डा ओळखायचा कसा? मला आरशात दोन्ही सारखेच दिसतात.

पाऊलवाट
मला असं शिकवलंय: खिडकीशी बाजूने उजेड येईल असं उभं राहायचं. सावली पडली तर खड्डा, नुसता रंग असेल तर डाग. डाग वेळेने जातो, खड्ड्याला मलमं पुरत नाहीत. नखाने फोडण्याची सवय असेल तर पुटकुळीवर हायड्रोकोलॉइडची (ओल शोषणाऱ्या चिकटपट्टीची) छोटी चकती चिकटवून टाका. बरी होवो न होवो, नख तरी पोचत नाही.

टिकली
(औषधाच्या सोळाव्या आठवड्यात)
खिडकीपाशी चार फोटो झाले. पहिल्या आणि दुसऱ्यात मलाच फरक दिसला नव्हता, दुसरा तर जास्त वाईट. तिसऱ्यात हनुवटीची उजवी बाजू मोकळी. चौथ्यात खोल फोड एकही नाही, डाग आहेत अजून, जबड्यावर सात मोजले. सावली पडणारा एक.

मध्ये डॉक्टरांना विचारून सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइडही जोडलं, लावून धुवायचं. एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती: माझ्या गडद निळ्या टॉवेलवर नारिंगी ढग उमटलेत. आधी वाटलं बहिणीने काहीतरी सांडलं, तिच्यावर दोन दिवस उगाच रुसले. मग ज्या टी-शर्टने घाईत तोंड पुसलं होतं त्याच्या गळ्यालाही तोच रंग दिसला.

गोळीवाला
अरेच्चा, ते सांगायचं राहिलंच. ते रंग उडवतं. पांढरे टॉवेल, पांढरे अभ्रे. भुवयांनाही लागू देऊ नका.

टिकली
आता सांगताय! बहिणीची माफी मागून झाली. टॉवेल तिनेच ठेवून घेतलाय, पुरावा म्हणून.

उंटावरचा
संघात आता किती उरले?

टिकली
पाच. फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि दोन औषधं. पांढऱ्या क्रीमचं झाकण काल कपाटामागे सापडलं, क्रीम केव्हाच फेकून दिली होती.